गणपती होऊ देत, मग बघू: वर्षभराचं ध्येय ठरवायचं तरी कसं?

आमच्या रत्नागिरीकडे कुठलंही नवं काम काढलं की एक ठरलेलं उत्तर येतं. शिमगा होऊ दे, मग बघू. आंबा निघू दे, मग बघू. पाऊस जरा ओसरू दे. गणपती होऊ देत. बाहेरच्या माणसाला ही टाळाटाळ वाटते. मला तसं वाटत नाही. इथलं वर्ष खरोखरच असं तुकड्यातुकड्यांनी चालतं, आणि ज्याला वर्षभरात स्वतःसाठी एखादी गोष्ट करून दाखवायची आहे, त्यानं आधी हे तुकडे नीट ओळखायला हवेत. एक जानेवारीला वहीत लिहिलेली ध्येयं मोडली की आपण इच्छाशक्तीला दोष देतो. पण बऱ्याचदा ते ध्येय बारा सारख्या महिन्यांच्या वर्षासाठी लिहिलेलं असतं, आणि तसं वर्ष इथं कुणाच्याच वाट्याला येत नाही.

ध्येय कशानं तडीस जातं यावर मानसशास्त्रात पन्नासहून अधिक वर्षं पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. त्यातलं जे आपल्याकडच्या माणसाला उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं, तेवढं आपल्याच उदाहरणांनी सांगतो.

पहिल्यांदा त्या ‘मग बघू’बद्दल. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात झाली किंवा वाढदिवस होऊन गेला की व्यायामशाळेतली हजेरी वाढते, असं त्यांना दिसलं. अशी तारीख आली की मागच्या चुका जुन्या पानावर राहिल्यासारख्या वाटतात आणि माणूस नव्या उमेदीनं उभा राहतो. म्हणजे पाडव्याचा मुहूर्त धरणं किंवा गणपतीनंतर सुरू करणं यात काही वावगं नाही. फक्त त्याच्याकडून अपेक्षा बेतानं ठेवावी. जॉन नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात नव्या वर्षाचा संकल्प केलेल्या दोनशे अमेरिकन लोकांची दोन वर्षं विचारपूस केली. आठवडा उलटला तेव्हा ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. मुहूर्तानं सुरुवात होते. पुढं टिकायला दुसरंच काहीतरी लागतं.

बेगमी कशी पार पडते

ते ‘दुसरं काहीतरी’ समजून घ्यायचं तर मे महिन्यात आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात डोकावावं. खळ्यात मिरच्या वाळत असतात. सुकट, सोडे, सुके बांगडे डब्यांत भरले जातात. आमसुलं उन्हात, आंब्याची साठं उन्हात. लाकूडफाटा पडवीच्या कडेला रचून ताडपत्रीखाली जातो. फुटकी कौलं बदलली जातात. पावसाळ्याची ही बेगमी दरवर्षी होते, जवळपास प्रत्येक घरात होते, आणि त्यासाठी कुणाला स्फूर्तिदायक भाषण ऐकावं लागत नाही.

का होते? एक तर काय आणि किती हवं ते घरात पक्कं ठाऊक असतं. ‘यंदा जास्तीत जास्त लाकडं जमवू’ असं कुणी म्हणत नाही. अमुक इतके भारे लागतात, हे ठरलेलं असतं. दुसरं, मुदत खरी असते. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं आणि पाऊस आपल्यासाठी थांबत नाही. तिसरं, किती झालं आणि किती उरलं ते रोज डोळ्यांना दिसतं. आणि काम घरभर वाटलेलं असतं.

एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये जो सिद्धान्त मांडला आणि पुढं गॅरी लॅथम यांच्यासोबत अनेक वर्षं तपासला, त्याचा गाभा नेमका हाच आहे. ‘जमेल तेवढं करा’ असं सांगितलेल्या माणसापेक्षा स्पष्ट आणि जरा अवघड आकडा दिलेला माणूस जास्त काम करतो. लॅथम यांचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो प्रयोगशाळेत झाला नाही. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्यानं चालणाऱ्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच माल भरत. ‘जमेल तेवढा भरा’ हे त्यांना सांगून झालेलं होतं. मग ९४ टक्के असं ठरावीक लक्ष्य दिलं, आणि काही महिन्यांत भरणा नव्वद टक्क्यांच्या पुढं गेला. पगार तोच, ट्रक तेच, माणसंही तीच. आकडा समोर असला की आपण किती मागं आहोत ते कळतं, आणि ते कळलं की हात आपोआप हलतो.

मात्र या आकड्याला एक मर्यादा आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. जे काम आपल्याला अजून येतच नाही, त्यात पहिल्याच दिवशी मोठा आकडा ठेवला तर तो उलट जाचतो. घरगुती निवासव्यवस्था सुरू करणाऱ्या माणसानं पहिल्या वर्षी ‘इतक्या लाखांचा धंदा’ ठरवण्यापेक्षा ‘पाहुणे कुठून येतात, का परत येतात, कशावर नाराज होतात हे शिकायचं, दहा ठिकाणी राहून, विचारून घ्यायचं’ असं शिकण्याचं ध्येय ठेवावं. हिशेबाचा आकडा दुसऱ्या वर्षी. पोहणं, संगणक, पेटी वाजवणं, नव्या पद्धतीची कलमं बांधणं, सगळ्याला हेच लागू.

हे ध्येय नक्की कुणाचं?

इथं मी जरा रेंगाळणार आहे. बाकीच्या युक्त्या नंतर जमतात, पण हा प्रश्न टाळला तर त्या सगळ्या वाया जातात.

आपल्याकडच्या गावांत ध्येयं पुष्कळदा बाहेरून आलेली असतात. शेजारच्यानं कौलं काढून स्लॅब टाकला, आता आपणही टाकला पाहिजे. वाडीतली दोन मुलं मुंबईला बँकेत लागली, आता आपल्याही मुलानं परीक्षा दिलीच पाहिजे. भावकीत कुणी गाडी घेतली. स्लॅब वाईट नाही आणि नोकरी तर नाहीच नाही. पण त्यासाठी वर्षभर पोटाला चिमटा घेणारा माणूस मधेच थांबून विचारत नाही की हे मला हवं आहे, की लोक काय म्हणतील याची धास्ती आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: आपला निर्णय आपण घेतोय ही जाणीव, आपल्याला काहीतरी जमतंय ही जाणीव, आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असणं. हाच धागा धरून केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की आवडीतून किंवा स्वतःच्या पटलेल्या मूल्यातून आलेल्या ध्येयासाठी माणूस जास्त काळ कष्ट घेतो, आणि ते साध्य झाल्यावर समाधानही जास्त मिळतं. दबावातून किंवा अपराधीपणातून आलेलं ध्येय सुरुवातीला तितक्याच जोरात धावतं, पण लवकर दमतं.

यात ‘फक्त स्वतःपुरतं बघा’ असा अर्थ कुणी काढू नये. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या वर्षी करून घ्यायचीच, हे ध्येय दुसऱ्यासाठी असूनही पूर्ण आपलं असू शकतं. फरक पटण्याचा आहे. मी लोकांना दोन प्रश्न विचारायला सांगतो. हे झालं आणि गावात कुणालाच कळलं नाही, तरी मला ते हवं आहे का? आणि हे झाल्यावर माझा एखादा साधा मंगळवार कसा वेगळा जाईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस अडखळला, तर ध्येय बहुधा दुसऱ्याच्या घरातून आलेलं असतं. उत्तर चटकन आलं, म्हणजे ‘आईला पेपर वाचता येईल, ती पुन्हा एकटी देवळात जाईल’, तर कामाला लागावं.

आणि अशी ध्येयं वर्षाला एक, फार तर दोन. पाच लिहिणारे आपण सगळेच असतो, पण वेळ, पैसा आणि लक्ष यांचा साठा एकच असतो.

लिहिताना शब्दही जरा बघून लिहावेत. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘अमुक करीन’ असा संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोक वर्षाअखेर स्वतःला यशस्वी म्हणत होते. ‘अमुक सोडीन, टाळीन’ म्हणणाऱ्यांत हेच प्रमाण ४७ टक्के होतं. ‘संध्याकाळी वडापाव खाणार नाही’ यापेक्षा ‘पाच वाजता घरातले भाजलेले शेंगदाणे खाईन’ हे पाळायला सोपं जातं, कारण नेमकं काय करायचं ते त्यात आहे.

वर्ष मांडून बघा

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा. आपल्याकडच्या कॅलेंडरावर दुधाचे लिटर, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामाला आलेल्या गड्याचे खाडे, एकादशी, सगळं त्याच चौकोनांत पेनानं लिहिलेलं असतं. तेच ध्येयासाठी सगळ्यात चांगलं साधन आहे. आधी त्यावर ध्येय लिहू नका. आधी ते दिवस खुणा करून घ्या जे तुमचे नाहीत.

बागायतदाराच्या घरात नोव्हेंबरपासून मोहराची काळजी आणि फवारण्या, मार्च ते मे तोडणी, पेट्या भरणं, वाशीचे भाव. त्या घरात एप्रिलमध्ये नवं काही सुरू होणार नाही, हे आताच मान्य करावं. मच्छीमाराचं वर्ष वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ते ६१ दिवस उत्पन्न थांबतं, पण वेळ असतो. हर्णै किंवा मालवणच्या खलाशाला काही शिकायचं असेल, दात दाखवायचे असतील, मुलाच्या दाखल्यांची कामं उरकायची असतील, तर तेच दोन महिने. पाहुणे ठेवणाऱ्यांचा हंगाम दिवाळी, नाताळ आणि मे. भातशेती करणाऱ्याचा जुलै लावणीत जातो, ऑक्टोबर कापणीत. मुंबईच्या चाकरमान्याची रजा शिमगा आणि गणपती यांतच संपते. आणि घरातल्या बाईच्या वाट्याला यातलं जवळजवळ सगळंच येतं. तिचं कॅलेंडर मांडताना ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी शेजारी बसून बघावी असं मला फार वाटतं. तिच्या ध्येयाला मोकळे दिवस उरतच नसतील तर आधी कामाची वाटणी बदलावी लागेल, तिची चिकाटी नव्हे.

हे करून झालं की वर्षाचे तीन-चार मोकळे पट्टे दिसतात. ध्येयाची अवघड कामं त्या पट्ट्यांत टाकायची. बाकीच्या काळात ते फक्त जिवंत ठेवायचं, अगदी लहान रूपात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा एका काकूंची साखर वाढली आहे आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे. त्या दिवाळीनंतर सुरुवात करतात, मे संपेपर्यंत छान चालतात. जूनमध्ये बंद. विचारलं तर म्हणतात, “एवढ्या पावसात कुठं जाऊ रे? आणि मग सवय मोडली ती मोडलीच.” रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे ‘रोज सकाळी रस्त्यावर चालेन’ हे ध्येय वर्षाच्या एक तृतीयांश काळासाठी मुळातच चुकीचं लिहिलेलं होतं. काकूंच्या चिकाटीत काही खोट नव्हती. त्यांच्या कॅलेंडरावर ऑक्टोबर ते मे ‘सड्यापर्यंत (गावावरच्या कातळाच्या माळापर्यंत) आणि परत’ आणि जून ते सप्टेंबर ‘पडवीत पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी’ अशी दोन वेगळी वाक्यं असायला हवी होती. पावसाळ्यात दरवर्षी अडणारं काम पावसाळ्याआधीच दुसऱ्या रूपात लिहून ठेवायचं, इतकंच.

पैशाचंही तसंच. वर्षात ३६,००० रुपये बाजूला टाकायचे ठरवले तर सगळे सल्लागार महिन्याला ३,००० सांगतात. पगारदाराला ते ठीक. पण आंब्याचा पैसा उन्हाळ्यात एकदम येतो आणि जूनमध्ये शाळेची फी, बी-बियाणं, मग गणपती असं खर्चाचं रांगेनं येणं असतं. अशा घरानं दर महिन्याच्या सारख्या हप्त्याची आवर्ती ठेव घेतली तर ऑगस्ट-सप्टेंबरात हप्ता चुकतो, दंड लागतो, आणि ‘आपल्याला बचत जमतच नाही’ असा समज होऊन बसतो. त्यापेक्षा मे आणि जूनमध्ये प्रत्येकी १३,००० आणि उरलेल्या दहा महिन्यांत हजार-हजार. बेरीज तीच ३६,०००. मोठी रक्कम हातात येते त्याच आठवड्यात ती बाजूला गेली पाहिजे, एवढी एक अट.

कॅलेंडर मांडताना आणखी एक सापळा असतो. काम किती दिवसांत होईल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये ही चूक दाखवून दिली. पुढं १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. कारण अंदाज बांधताना आपण काम कसं पुढं सरकेल याचं चित्र रंगवतो, पाहुणा येईल, वीज जाईल, ताप येईल हे त्या चित्रात नसतं. उपाय साधा आहे: मागच्या वेळी असंच काम किती दिवसांत झालं होतं ते आठवा आणि तोच आकडा धरा.

लांबलेलं काम वायाच जातं असं मात्र नाही. चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम इथं जन्मलेले पांडुरंग वामन काणे एका जुन्या संस्कृत ग्रंथाचं संपादन करत होते आणि त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासाचा आढावा लिहावा, असा त्यांचा विचार होता. त्या प्रस्तावनेचे पाच खंड झाले. पहिला १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये. या काळात ते मुंबईत वकिलीही करत होते. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. इतकं मोठं काम नोकरीधंदा सांभाळून झालं ते एकेक खंड, एकेक भाग हातावेगळा करत. दहा वर्षांचं स्वप्न असेल तर या वर्षाचा खंड कोणता, एवढंच या वर्षी ठरवायचं.

कधी, कुठं, आणि अडलं तर काय

गणपतीला गावी जाणारा चाकरमानी कसा वागतो ते आठवा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. त्याला तारीख पाठ असते, पावणेआठला तो मोबाइल घेऊन बसलेला असतो, तुतारी एक्सप्रेस मिळाली नाही तर कुठल्या गाडीचा प्रयत्न करायचा आणि तीही नाही तर एसटीच्या कुठल्या गटबुकिंगमध्ये नाव घालायचं, हेही ठरलेलं असतं. आता तोच माणूस स्वतःच्या ध्येयाबद्दल बोलतो तेव्हा म्हणतो, ‘वाचन वाढवायचं आहे.’ कधी, कुठं, काय, काहीच नाही.

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९०च्या दशकात यावर काम केलं. नुसतं ‘मी अमुक करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी अमुक करीन’ असं वाक्य आधी बांधून ठेवलं, तर ते घडण्याची शक्यता चांगलीच वाढते. ब्रिटनमधल्या एका प्रयोगाचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बघण्यासारखे आहेत. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला व्यायामाबद्दल विशेष काही सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्के लोकांनी आठवड्यात निदान एकदा व्यायाम केला. दुसऱ्याला व्यायामानं हृदयरोग कसा टळतो हे पटवून दिलं, ३५ टक्के. तिसऱ्याला तेच सांगून शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं व्यायाम करणार हे एका वाक्यात लिहून घेतलं, ९१ टक्के. पटवून देण्यानं जे झालं नाही ते एका वाक्यानं झालं. कारण मग ऐन वेळी ठरवावं लागत नाही. चहाचा कप विसळून ठेवला की चपला घालायच्या. कप हीच आठवण.

अडथळ्याचंही वाक्य हवं. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात असं दिसलं की यशाचं नुसतं गोड चित्र रंगवणारे लोक प्रत्यक्षात कमी हलतात. मनाला वाटतं, झालंच ते. यशाचं चित्र आणि लगेच त्याच्या आड येणारी घरातली, मनातली अडचण, दोन्ही शेजारी ठेवली तर माणूस कामाला लागतो. लांज्याच्या एखाद्या मुलीनं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास ठरवला असेल तर तिची वाक्यं अशी असतील: ‘संध्याकाळी वीज गेली, तर चार्ज केलेल्या दिव्यावर फक्त जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीन.’ ‘पाहुणे आले, तर त्या रात्री दहा ते साडेदहा एवढंच, पण बसेन.’ ‘अभ्यासाला बसल्यावर मोबाइल हातात घ्यावासा वाटला, तर तो आईकडे देईन.’

याच मुलीसाठी आणखी एक गोष्ट. ‘या वर्षी निवड झालीच पाहिजे’ हे तिच्या हातात नाही. जागा किती निघतील, परीक्षा कधी होईल, शेजारच्या बाकावर कोण असेल, हे कुणाच्याच हातात नसतं. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुलगा असताना परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. तयारी पूर्ण, चाल पूर्ण, निकाल हाताबाहेर. पुढं १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं करणारा माणूस तो हाच. म्हणून वर्षाच्या ध्येयात फळ एका बाजूला लिहा आणि दुसऱ्या बाजूला रोजची कृती, आणि स्वतःला गुण द्यायचे ते कृतीवर. बागायतदार हे जाणतो. फवारणी वेळेवर झाली का, हा त्याचा प्रश्न. ३ जून २०२० चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ हा त्याचा दोष नव्हता.

सवय, खाडे आणि नोंद

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात आहे. चेहरा बदललेल्या रुग्णाला तो अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं, आणि त्यातला ‘निदान’ पुढं गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजलं. कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ दिवस लागले आणि कुणाला अंदाजे २५४. जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिणं लवकर बसतं, व्यायाम उशिरा. तेव्हा महिनाभरात जमलं नाही म्हणून हताश होण्याचं कारण नाही. ते वेळेआधीच आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे. एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यात फारसा फरक पडत नाही. धोका त्या एका दिवसात नसतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी असतो. ‘मोडलंच आहे, तर आता असू दे’ हा विचार जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी आहारावर नियंत्रण ठेवणाऱ्या लोकांत पाहिला. ठरल्यापेक्षा थोडं जास्त खाल्लं गेलं की ते उरलेला सगळा दिवस सोडून देत. आपल्याकडे गणपतीत पाच-सात दिवस मोदक, उकडीचे आणि तळलेले, आरत्या, जागरणं, भजनं हे होणारच आणि व्हावंच. ते दिवस मोडलेले धरू नयेत, आधीच सुटी म्हणून लिहावेत. आणि विसर्जनानंतर कुठल्या तारखेला, किती वाजता पुन्हा सुरू, हेही त्याच वेळी कॅलेंडरावर टाकावं.

नोंद ठेवण्याबद्दल फार बोलायला नको. ती ठेवावी, बस्स. १३८ अभ्यास एकत्र तपासून २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की प्रगतीवर लक्ष ठेवल्यानं ध्येय साधण्याची शक्यता वाढते, आणि ती नोंद कागदावर असेल किंवा दुसऱ्याला दाखवली जात असेल तर आणखी वाढते. दुधाच्या लिटरशेजारी एक बरोबरची खूण. दाखवायला सगळा गाव नको. नेमानं विचारणारं एक माणूस पुरे: बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीतली मैत्रीण, बहीण, रविवारी फोन करणारा मुलगा. ‘केलंस का?’ असं न रागावता विचारू शकणारं माणूस निवडावं.

राहिला तो सोडून देण्याचा प्रश्न, ज्यावर आपण मोकळेपणानं बोलत नाही. ध्येय सोडणं म्हणजे हार, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की जे ध्येय आता गाठता येण्यासारखं राहिलेलं नाही ते सोडून नव्या ध्येयात मन घालू शकणारे लोक मनानं अधिक स्वस्थ असतात. पण कधी सोडायचं? अडचणीच्या दिवशी तर मुळीच नाही. पावसात भिजून आल्यावर, नापास झाल्याच्या संध्याकाळी, घरात भांडण झाल्यावर हा निर्णय घेऊ नये. वर्षात दोन तारखा आधीच ठरवून ठेवा, एक मृगाच्या आधीची, दुसरी दिवाळीनंतरची. त्या दिवशी कॅलेंडरावरच्या खुणा मोजा आणि स्वतःला विचारा: कृती होते आहे पण फळ येत नाही, की कृतीच होत नाही? कृती होत नसेल तर वेळ, जागा किंवा वाक्य बदलून बघा. कृती होऊनही उपयोग दिसत नसेल, किंवा ज्या कारणासाठी हे धरलं ते कारणच उरलं नसेल, तर सोडा. काकूंचे गुडघे सड्याची चढण सोसत नाहीत असं डॉक्टर म्हणाले, तर चालणं सोडायचं आणि त्याच अर्ध्या तासात खुर्चीवर बसून करायचे व्यायाम त्यांच्याकडूनच शिकून घ्यायचे. साखरेची पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तीही तारीख आजच कॅलेंडरावर लिहून ठेवायची.